दीड वीत

वागळे इस्टेट, सोळा नंबरचा रस्ता.
इनास परेराच्या शेडमध्ये लिफ्टवर माझी गाडी
पोट उघडं टाकून,
आणि खाली आम्ही दोघं, माना वर.

"मूळचा कॅट कुठाय?"
विकला, म्हटलं. टर्बो बसवला तेव्हाच.
आत चिमूटभर प्लॅटिनम असतं म्हणून
भंगारवाल्याने पाच हजार दिले, वर चहा.
दोन वर्षं तिथे नुसता पाइप.
इनास काही बोलला नाही.
मागच्या नळकांड्यात बोट फिरवून बाहेर काढलं.
बाळाला तीट लावता येईल एवढी काजळी.

मी दोन आणले होते, वर्तमानपत्रात गुंडाळून.
एक चारशे सेलचा, सिरॅमिकचा, जड, स्वस्त.
दुसरा दोनशेचा, धातूच्या पन्नीचा;
डोळ्यापुढे धरला की त्या बारीक पोळ्यातून
शेडचं दार दिसतं, दारातून रस्ता, रस्त्यावर उभा टेम्पो.
"याच्यात हवा अडत नाही," मी म्हणालो.
"मग धूर तरी कशाला अडेल?"

बसवायचा कुठे, तेही ठरलं होतं.
मागे, ड्रायव्हरच्या सीटखाली, सरळ तुकड्यात.
टर्बोला मोकळा श्वास, जाळी वितळायची धास्ती नाही.
खडूने खूण करून ठेवली होती.

इनास खुणेखाली उभा राहिला, हात पुसत.
"सकाळी गाडी कुठे चालू करतोस?"
घोडबंदरला. इमारतीच्या दुसऱ्या तळघरात.
"उभी किती वेळ?"
दीड-दोन मिनिटं. तेल चढेपर्यंत.
"आणि तिथे कोण असतं?"

कोणी नसतं, असं तोंडावर आलं होतं.

ज्ञानोबा टेकाळे असतात.
रात्रपाळी, कानटोपी, निळी प्लास्टिकची खुर्ची.
मी दिसलो की उठतात,
खुर्ची उचलून रॅम्पच्या तोंडाशी नेऊन ठेवतात.
दोन वर्षं मला वाटत आलंय
की मला वळायला जागा करून देतात.

"थंड असला की हा नुसता डबा," इनास म्हणाला.
"तीनशे अंशाला पोचला की कामाला लागतो.
मागे लावलास तर माजिवड्याला तापेल.
तळघरातलं तळघरातच राहिलं की."
मग हात वर घालून
टर्बोच्या तोंडापासून पाइपवर वीत टाकली,
तिच्यापुढे अर्धी.
"इथे."

सिरॅमिक इथे तडकेल. धातूचाच, पण तीनशेचा; मागवू.
आधी पेट्रोल कमी कर, फार ओततोयस.
कच्चं पेट्रोल आत जाऊन पेटलं
तर जाळीची गुळाची ढेप होईल.
एक सेन्सर अलीकडे, एक पलीकडे.
आणि ऐक, चार-पाच घोडे जातील.
"घोडबंदरला राहतोस ना? मिळतील तिथे."
स्वतःच हसला, खोकला, काच खाली ओढली.

आठ दिवसांनी आला तो. अंगावर बाण कोरलेला.
बाणाचं टोक मागे, असं दोनदा बघून
इनासने टाके घातले.
निळा उजेड भिंतीवर, आमच्या सावल्या
कधी मोठ्या, कधी नाहीतच.
खडूची खूण मागे तशीच राहिली,
कोणी पुसली नाही.

दुसऱ्या दिवशी सहाला किल्ली फिरवली.
टेकाळे उठले, खुर्ची उचलली, चालू लागले.
बसा, म्हणायचं होतं.
काच खाली करेपर्यंत ते रॅम्पवर पोचले होते.

पुढच्या आठवड्यात एकदा
खांबापाशीच थांबले, खुर्ची हातात लोंबती,
नाक नव्हे, कान माझ्याकडे करून.
"साहेब, आवाज उतरला गाडीचा.
आजारी आहे का?"

बघतो, म्हणालो. तेल बदलायला झालंय.